पाहून जाण्याची खिडकी

बंडूने 'साहेब' म्हणून हाक मारली तेव्हा अनुप एका म्हातारबाच्या वारसनोंदीच्या अर्जात मयताचं नाव लिहीत होता. दचकल्यामुळे मयताच्या जागी म्हातारबाचंच नाव पडलं. म्हातारबाला वाचता येत नव्हतं. तो अक्षराचं वळण पाहून समाधानाने मान हलवत राहिला. बंडू म्हणजे आतल्या कार्यालयाचा शिपाई. कार्यालयाच्या भिंतीबाहेर, कडुलिंबाला साखळीने बांधलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून अनुप आठ वर्षं लोकांचे अर्ज लिहीत होता, आणि या आठ वर्षांत बंडूने त्याला 'अबे', 'ओ तेल्हारा', 'लेखक' आणि एकदा पोळ्याच्या दिवशी शेजारून चाललेल्या बैलाच्या नावानेही हाक मारली होती. साहेब कधीच नाही. म्हणून अनुपने आधी मागे वळून पाहिलं. मागे झाड होतं.

"झाडाले नाई, तुमालेच म्हणून राहिलो," बंडू म्हणाला. "मॅडमनं आत बोलावलं. आन् खुर्ची आनू नका म्हणे. आत हाये."

म्हातारबा स्वतःच्या मरणाचा कागद घडी घालून खिडकी क्रमांक एककडे निघाला होता. त्याला परत बोलवावं असं अनुपला वाटलं, पण खाडाखोड असलेला अर्ज आत घेत नाहीत, नवा लिहायचा तर पाऊण तास, आणि आत खुर्ची आहे असं बंडू म्हणाला होता. मार्चातच अकोल्याचं ऊन डोक्यावर तवा ठेवल्यासारखं झालं होतं. झाडापासून दारापर्यंत साठ पावलं. ती चालताना त्याला कळत होतं की हे कशाबद्दल आहे, आणि कळत असताना तो मुद्दाम दुसऱ्याच गोष्टी मोजत होता. आठ वर्षांत बॉलपेनच्या कांड्या किती संपल्या असतील, आपण लिहिलेल्या 'मायबाप सरकार' या शब्दांची रांग लावली तर ती गावी तेल्हाऱ्यापर्यंत पोचेल का, असल्या. त्याच्या डोक्याला ही सवय अमरावतीने लावली होती. राजापेठेत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर सहा पोट्टे एका खोलीत राहायचे. सहाही जण स्पर्धा परीक्षेचे आणि कुकर एक. सकाळी आठ वाजता खिचडीच्या तीन शिट्ट्या झाल्या की पुस्तकं मिटायची. सगळ्या राजापेठेतच तेव्हा शिट्ट्या व्हायच्या, आणि शिट्ट्यांवरून कोणत्या गल्लीत डाळ आहे नि कोणत्या गल्लीत नुसताच भात, हे अनुप आंघोळीच्या रांगेत उभ्याउभ्या ओळखायचा. अर्ध्या गुणाने हुकणं, दीड गुणाने हुकणं, कधी परीक्षाच रद्द होणं अशी सहा वर्षं गेली. मग तो अकोल्याला या झाडाखाली येऊन बसला, कारण सरकारी नोकरीच्या इतकं जवळ बसायला दुसरीकडे कुठे जागा नव्हती.

कार्यालयाचं नाव लांबलचक होतं, त्यात 'दक्षता' आणि 'समन्वय' हे दोन्ही शब्द होते. आत चार खिडक्या. पहिली वारस आणि दाखल्यांची, दुसरी पेन्शनची, तिसरी अतिक्रमणाची, चौथी गरिबांना भांडी वाटायच्या योजनेची. कोणता कागद कोणत्या खिडकीवर जाणार हे आवक लिपिकाने ठरवायचं असतं, पण ते पद नऊ वर्षं रिक्त होतं. तेव्हा सगळ्यांच्या सोयीने एक वहिवाट पडली. बंडू आलेल्या माणसाला झाडाखाली पाठवायचा, अनुप अर्ज लिहायचा आणि वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने एकच शब्द घालायचा. वारस. पेन्शन. अतिक्रमण. भांडी. आतला प्रत्येक माणूस फक्त कोपरा वाचायचा. अर्जाचं पोट उघडून पाहायला कोणाकडे वेळ नव्हता आणि लाल पेनही नव्हतं. अनुपला याचा थोडा अभिमान होता. एका झाडाखाली बसून आपण जिल्हा चालवतो, असं त्याने एकदा घरी फोनवर सांगितलं होतं, आणि बाप म्हणाला होता, "मंग झाडाले पगार नाई काय बे?"

पार्बताबाई गेल्या वर्षी जानेवारीत आली होती. लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी बाई, मागची एक खोली भाड्याने द्यायची. सोबत नातीला, आचलला, आणलं होतं. पोरगी नऊ वर्षांची. अनुपच्या पिशवीतलं 'चालू घडामोडी' काढून ती खाली मातीत वाचत बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "काका, याच्यात आपलं अकोला नाई?" अनुप म्हणाला, "काही झालं तं येईन." त्याच सकाळी एका परीक्षेची उत्तरतालिका मोबाइलवर आली होती आणि तो अर्ध्या गुणाने पुन्हा गेला होता, पण त्याने पार्बताबाईचं काहीच ऐकलं नाही असं कोणाला म्हणता येणार नाही. त्याने सगळं ऐकलं. त्याची पद्धतच होती, आधी रफ वहीत माणूस बोलतो तसंच्या तसं उतरवायचं, मग त्यातून अर्ज काढायचा. वहीत तिचं बोलणं पानभर होतं. दोन पोट्टे दोन महिन्यांपासून राहून राहिले. कामाले जात नाई. दोरीवर एक कपडा वाळत नाई. सहा कुकर आनले, नवे, अन् एका कुकराची शिट्टी झाली नाई आजलोक. खातात हॉटेलातलं. मी सामोर गेली तं खोलीचं दार लोटून घेतात. मले भेव लागते. कोनीतरी येऊन पाहून जा.

"मागणी काय तुमची, मावशी?" अनुपने विचारलं होतं.

"मागणी काय राह्यते? सांगाले आली मी. येऊन पाहून जा म्हना."

"'पाहून जा' ही मागणी नाई होत. तशी खिडकीच नाई. मागणीशिवाय अर्ज आत घेत नाई थे लोकं."

"मंग तूच सांग बाप्पा. तू शिकेल हायेस."

तो शिकलेला होता, हीच पंचाईत. त्याने विचार केला. दोन पोट्ट्यांना सहा कुकर. राजापेठेत सहा पोट्ट्यांना एक होता. त्याला ते बुद्धिमत्ता चाचणीतल्या प्रश्नासारखं वाटलं आणि क्षणभर तो मनात त्रैराशिक मांडत राहिला. मग विचारलं, "तुमच्या घरी कुकर हाये?" ती म्हणाली, "नाई. पातेल्यात शिजवतो." आणि अनुपला एकदम उजेड पडला. अर्जाला आधार पाहिजे, आणि आधार आयताच समोर होता. एका पानाच्या वर अर्ज घेत नव्हते म्हणून त्याने भीती काढली, दोरी काढली, दार काढलं, आणि लिहिलं की अर्जदाराच्या भाडेकरूंकडे सहा कुकर असून खुद्द अर्जदाराकडे एकही नाही, तरी अर्जदारास एक कुकर मिळावा ही नम्र विनंती. वाचून दाखवलं तेव्हा पार्बताबाईने कागदाला बोट लावून पाहिलं. म्हणाली, "थे पाहाले येतीन नं पन?" अनुप म्हणाला, "भांड्यांवाले चौकशीले येतातच घरी." हे त्याने खोटं म्हटलं नव्हतं. भांड्यांवाले कधीकधी येतात. त्याने कोपऱ्यात लाल शब्द घातला. पोरीने पुस्तक झटकून परत पिशवीत ठेवलं.

एकेचाळीस दिवसांनी, रविवारी संध्याकाळी, आनंद मेळ्यातल्या मोठ्या पाळण्याच्या तिकीट खिडकीजवळ कुकरमध्ये ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. एकोणीस माणसं गेली. आचल रांगेत होती. तिच्या मुठीत दोन तिकिटं सापडली, एक तिचं आणि एक आजीचं. दोन पोट्टे तोवर खोलीला बाहेरून कुलूप लावून गेले होते, आणि ते कोण, कुठले, हे अजून कोणालाच कळलं नव्हतं. अनुप तेव्हा आपल्या खोलीवर जेवत होता. आवाज त्याला ऐकू आला होता, आणि त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की, झाली शिट्टी. या विचाराबद्दल त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही. पण शिक्षाही केली नाही, कारण ती कशी करतात हे त्याला माहीत नव्हतं. पुढच्या परीक्षेत चालू घडामोडींमध्ये प्रश्न होता, आनंद मेळ्यातील स्फोटात मृतांची संख्या किती? पर्याय चार. त्याने एकोणीसवर गोल काळा केला. बरोबर आला. त्या वेळी तो दोन गुणांनी हुकला. त्या एका प्रश्नाचा गुण नसता तर तीन गुणांनी हुकला असता. घरी येऊन त्याने पाच वेळा हात धुतले आणि मग भूक लागली म्हणून जेवला. सरकारने जाहीर केलं की कुठलीही पूर्वसूचना नव्हती. स्फोटानंतर तीन आठवड्यांनी पार्बताबाईच्या दारात भांड्यांच्या योजनेची गाडी आली. कुकर मंजूर झाला होता. त्या अख्ख्या प्रकरणात सरकारने वेळ न दवडता केलेलं काम तेवढं एकच. गाडीवाल्याने सही मागितली तेव्हा तिने आतून पोच म्हणून मिळालेली अर्जाची शिक्का मारलेली प्रत आणली आणि म्हणाली, म्या तं पाहाले बलावलं होतं. गाडीवाल्याने मोबाइलवर पोचेचा फोटो काढला. तो सगळीकडे फिरला. मग चौकशी समिती नेमावी लागली.

मॅडमचं नाव प्रियदर्शनी, कार्यालयाच्या उपसंचालक. टेबलावर मोर्शीच्या संत्र्यांची टोपली होती आणि त्या एक संत्रं सोलत होत्या, फोडीवरची पांढरी दोरी न् दोरी काढत, जणू तीच आजची फाइल होती. खोलीत कूलरचा ओला वास आणि त्यावर संत्र्याचा.

"बसा, तायडे. तुम्हाला जबाबदारी निश्चित झाल्याचं कळलंच असेल."

"नाही, मॅडम."

"झाली. टाइपही झाली. फक्त माणूस नाही." त्यांनी एक फोड त्याच्यापुढे ठेवली. "समितीचं म्हणणं, अर्ज चुकीच्या खिडकीवर गेला. खिडकी ठरवतो आवक लिपिक. म्हणजे दोष आवक लिपिकाचा. आणि ते पद रिक्त. रिक्त पदाला निलंबित करता येत नाही. आम्ही वर विचारून पाहिलं."

"आणि संचालक साहेबांची जबाबदारी?"

"अर्ज आला तेव्हा ते सतर्कता सप्ताहाच्या तयारीसाठी दौऱ्यावर होते."

"आणि..." त्याला 'तुम्ही' म्हणता येईना.

"मी पूर्वसूचना कशा हाताळाव्यात याच्या प्रशिक्षणाला गेले होते. प्रमाणपत्र आहे." त्या हे लाजून किंवा उद्धटपणे नाही, नुसतंच म्हणाल्या. "तर आपण पद भरतोय. तुम्हाला घेऊन. गेल्या वर्षीच्या एक जानेवारीपासून. तुमचं नोकरीचं वय उलटून चार महिने झालेत, पण नेमणूक मागची आहे, त्यामुळे तुम्ही बसता."

अनुपला आपण चौदा महिने मागे बसलोय असं खरोखरच वाटलं. खुर्ची मऊ होती. "पण मी तर झाडाखाली..."

"काम तुम्हीच करत होता. बंडूने तसं लेखी दिलंय."

"बंडूले लिहिता येते?" घाबरल्यामुळे त्याच्या तोंडून घरची भाषा निघून गेली.

"तुम्हीच लिहून दिलंय, गेल्या महिन्यात."

खरंच. बंडू एक जबाब लिहून घ्यायला आला होता आणि अनुपने न विचारता, सफाईने लिहिलं होतं की, 'सदर काम पद रिक्त असल्याने झाडाखालील इसम करीत आलेला आहे.' 'करीत आलेला आहे' या शब्दांवर तो तेव्हा खूश झाला होता. इसम आपणच, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. लिहिताना माणूस नेहमी दुसऱ्याबद्दलच लिहितो.

"नेमणूक झाली की निलंबन. मग विभागीय चौकशी. चौकशा किती वर्षं चालतात हे तुम्हाला मी काय सांगू, त्यांची स्मरणपत्रं तुम्हीच लिहिता. तोवर तुम्ही सरकारी नोकरच." मॅडमनी दोन कागद सरकवले. एक नेमणुकीचा. दुसऱ्यावर लिहिलं होतं की अर्जदार महिलेने तोंडी अथवा लेखी कोणतीही संशयास्पद बाब कळवली नाही, केवळ कुकर मागितला. "आणि ती रफ वही तेवढी जमा करा. बंडू म्हणाला, तुम्ही सगळं आधी वहीत उतरवता."

"मॅडम, मग त्या बाईचं काय होणार?"

"पोचेवर सहा कुकर आहेत. म्हणजे तिला दिसत होते. सांगितलं का नाही, हे तिला विचारलं जाईल." त्यांनी बोटं रुमालाला पुसली. "तिने सांगितलं होतं असं तुमच्या वहीत असेल, तर तीही यातून बाहेर आणि तुम्हीही बाहेर. झाडाखाली. मी तुम्हाला सक्ती करत नाही. तुमचा अर्ज समजा."

वही बगलेतल्या पिशवीत होती. पान त्याला आठवत होतं, उजव्या बाजूचं, वर चहाचा गोल डाग. ते पान टेबलावर उघडून ठेवायचं, बस. त्याला ते इतकं सोपं वाटलं की त्याने कल्पनेत ते करूनही टाकलं, आणि केल्याचं समाधानही घेऊन झालं. तो फोड चघळत राहिला. राजापेठेतले सर सांगायचे, चुकलं तर गुण कापतात, पण माहीत असलेलं उत्तर कोरं सोडलं तर एकही गुण कापत नाहीत. सहा वर्षं त्याने हे पाठ केलं होतं. आता त्याला आचलचा आवाज आठवायला हवा होता, निदान अशा वेळी माणसाला असे आवाज आठवतात असं त्याने ऐकलं होतं. पण त्याला आठवलं ते फक्त तिने पुस्तक झटकलं तेव्हा उडालेली माती आणि आपण त्यावर मनात चिडलो होतो ते. पार्बताबाई आठवली ती 'तू शिकेल हायेस' म्हणताना. त्याने मॅडमना म्हटलं, एक फोन करतो.

"लागली?" तेल्हाऱ्याहून बाप, देवमन, ओरडला. कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांच्या आवाजात गठाणी उचलून उचलून त्याचे कान गेले होते.

"लागली, बाबा."

"पक्की?"

"पक्की. चौदा महिन्यांपासून लागेल हाये."

"मंग सांगितलं काहून नाई बे येवढे दिवस?" मागे आई, शकुन, रडायला लागल्याचं ऐकू आलं. बापाने तिला दरडावलं, पेढे आनाले पाठव कोनाले, आणि पुन्हा फोनवर आला. "काही भानगड तं नाई?"

"निलंबन होईन थोडंसं."

"थे काय राह्यते?"

"सरकारी मानसाचंच होते."

देवमनने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्याचा आवाज भरून आला. "मंग होऊ दे. आपल्या शेजारच्या पिंटूचं, थ्या खाजगीत कामाले जानाऱ्याचं, झालं काय कधी? झालं काय? होऊ दे, बाप्पा."

अनुपने दोन्ही कागदांवर सही केली. अंगठा संत्र्याने चिकट होता, सहीशेजारी अंगठ्याचा ठसाही उमटला. मॅडम म्हणाल्या, चालेल, दोन्ही असू द्या. त्याने दिलेली वही त्यांनी उघडलीसुद्धा नाही. ड्रॉवरमध्ये संत्र्याच्या सालींशेजारी ठेवली. उघडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. बाहेर आल्यावर त्याने झाडाची साखळी सोडली, पण खुर्ची आत न्यायला मनाई होती, म्हणून पुन्हा बांधली.

सोमवारी तो रुजू झाला. त्याच्या आवक खिडकीला नवी काच होती. रांगेत पहिला तोच म्हातारबा. खिडकी एकवर त्याला सांगण्यात आलं होतं की मयताने स्वतः हजर राहू नये, वारसाला पाठवावं. अनुपने त्याला झाडाकडे पाठवलं. झाडाखाली कोणी नव्हतं, हे म्हातारबाला साठ पावलं चालून कळलं आणि तो तिथंच खुर्चीवर बसला. मग रांग पुढे सरकली आणि काचेपलीकडे पार्बताबाई आली. संशयित म्हणून तिला आता दर सोमवारी पोलीस चौकीवर हजेरी लावायची होती, आजची लावून ती सरळ इकडे आली होती. बोटावर शाई होती. कमरेवर, लेकरू घ्यावं तसा, सरकारी कुकर घेतला होता, लाल फीत अजून तशीच, शिट्टी वेगळ्या प्लास्टिकच्या पुडीत.

"मावशी, अर्ज हाये?" अनुप म्हणाला. खिडकीच्या आतून त्याचा आवाज त्यालाच दुसऱ्याचा वाटला.

"नाई."

"कुकर वापस कराचा काय?"

"नाई."

"मंग मागणी काय तुमची?"

"काई नाई. तुले पाहाले आली." ती काचेजवळ आली, डोळ्यांवर हात धरून, कोणाच्या बंद घरात डोकावावं तसं तिने आत पाहिलं. "तुमच्यातलं कोनी आलं नाई नं. म्हनून मीच आली."

अनुपने बंडूकडे पाहिलं. बंडूने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "भेटाची वेळ तीन ते पाच हाये, मावशी," अनुपने पाटी वाचली.

"बसतो," ती म्हणाली, आणि समोरच्या बाकावर बसली. कुकर मांडीवर. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. तिच्या नजरेत राग असता तर त्याला खाली मान घालता आली असती. ती नुसती पाहत होती, पातेल्यातलं पाणी उकळतंय का पाहावं तशी. अनुपने लाल पेन उघडलं, मिटलं, उघडलं. एवढ्यात बंडूने टपाल आणून टाकलं. वर जाड पाकीट होतं, नाव त्याचं. निलंबनाचा आदेश, तात्काळ अंमलबजावणीसाठी. त्यावर खूण घालून योग्य त्या खिडकीकडे पाठवणं हे आवक लिपिकाचं काम होतं, आणि लिपिक तोच होता. त्याने आदेश दोनदा वाचला. एकही चूक नव्हती. मग त्याला कळलं की या जिल्ह्यात एखादा कागद कोणत्या खिडकीवर टाकला की तो कोणी उघडून पाहत नाही, हे आपल्याइतकं कोणालाच माहीत नाही. त्याने वरच्या कोपऱ्यात, आठ वर्षांच्या सवयीच्या वळणदार अक्षरात, एक शब्द लिहिला आणि कागद बंडूकडे दिला.

"काय लिवलं त्यानं?" पार्बताबाईने बाकावरून विचारलं.

कोपऱ्यातले चार शब्द तेवढे बंडूला ओळखता यायचे, त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "भांडी," तो म्हणाला.

पार्बताबाईने मान हलवली. मांडीवरच्या कुकरची फीत तिने बोटाने सरळ केली आणि काचेतून अनुपला, धीर द्यावा तसं, म्हणाली, "येते थे कागद, बाबू. भांड्याची खिडकी टाइम लावते, पन घरी येते. माह्यं आलं नं."